शोभाताई, पाईप कोणी कापला ते मी सांगितलं

ताई, तुम्हाला जाऊन आज चाळीस दिवस झाले. तुमची तेरवी झाली त्या दिवसापासून मी विलासशी बोललेले नाही. हो, नावानंच लिहिलं. वीस वर्षं ज्याला मी ‘हे’ म्हणत आले तो माझा नवरा, तुमचा धाकटा दीर, आता माझ्या तोंडी नुसता विलास आहे. तुम्ही असता तर कपाळाला आठ्या घालून म्हणाला असतात, “सुनंदा, असं नोको करू वो.” म्हणून आधीच सांगते, तुमचं कौतुक करायला मी बसलेले नाही. कौतुक तेरवीला भरपूर झालं. तुम्ही पिकअपचं स्टिअरिंग धरलं तेव्हा जे पारावर बसून हसले होते, तेच त्या दिवशी पत्रावळीवरची बुंदी खात सांगत होते, “बाई मोठी हिमतीची होती बावा.” मला त्यांच्या पानातली बुंदी उचलून घ्यावीशी वाटली.

मोठे दादा, विलासचे थोरले भाऊ, गेले तेव्हा तुमची पल्लवी सातवीत होती आणि गाडी आपल्या दोन घरांच्या मधल्या अंगणात उभी. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की आता ती विलास चालवणार. तुम्ही पंधरा दिवस काही बोलला नाहीत. सोळाव्या दिवशी दादांची चप्पल बाजूला सारून गाडीत बसलात. मांडीखाली उशी घेतली होती, कारण समोरचं दिसत नव्हतं. अंगणातल्या अंगणात पुढं-मागं करत तुम्ही तुळशीचा ओटा फोडलात, माझी मोरी फोडलीत, आणि महिन्याभरात आसेगावच्या आसपासच्या खेड्यांतले दुधाचे कॅन भरून मंगरूळच्या डेअरीत नेऊ लागलात. दादांची लाइन तुम्ही एक दिवसही तुटू दिली नाहीत.

गाडी जुनी होती, रुसायची. मिस्त्री मंगरूळहून यायला दुपार करायचा आणि दूध दुपारपर्यंत थांबत नाही. मग तुम्हीच बॉनेट उघडायला लागलात. मला आठवतं, थंडीत एकदा ती सुरू होईना. तुम्ही मला मागं उभं केलंत.

“मी सेल्फ मारतो. तू सायलेन्सरकडं पाह्य. धूर येते का नाई, आन् आला तं कोन्या रंगाचा, थे सांग.”

“पांढरा येऊन राह्यला,” मी ओरडले.

“मंग डिझेल पोचून राह्यलं, पेटून नाई राह्यलं. हीटरचं काम हाये.”

मला ते जादूसारखं वाटलं होतं. मी अंगणवाडीत मुलांना रंग शिकवायचे. धुराच्या रंगावरून गाडीच्या पोटातलं कळतं हे मला पहिल्यांदा तुम्ही शिकवलंत.

आता त्या तीन दिवसांकडे येते. चार वर्षं मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते.

सोयाबीन निघायचे दिवस होते. डेअरीचा नवा सुपरवायझर तुम्हाला सांगून गेला होता की सलग तीन दिवस गाडी चुकली तर लाइन दुसऱ्याला जाईल. हे घरात सगळ्यांनी ऐकलं होतं. विलासनं तेव्हा नुकताच एक सेकंडहँड पिकअप पाहून ठेवला होता.

पहिल्या दिवशी सकाळी तुमची गाडी सुरू झाली, दोन मिनिटं चालली आणि अंगणाच्या तोंडाशी बंद पडली. तुम्ही सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरत होतं, पण मागं धुराचा टिपूस नाही. “डिझेल पोचत नाई,” तुम्ही म्हणालात. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हँडपंप दाबत बसलात. नुसता फेस. एअर धरली होती, नळीत कुठूनतरी हवा शिरत होती. तासभर पंप मारून एअर काढलीत, गाडी सुरू झाली, आणि लोक कॅन घेऊन थांबायचे त्या फाट्यापर्यंत जाऊन पुन्हा बंद. दूध तिथंच नासलं. लोक आपापले कॅन सायकलवर लादून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फिल्टर बदललात, वायसर बदलले, नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून पाहिले. पुन्हा तेच. एअर काढली की चालू, दोन मिनिटांत बंद. तुमच्या हाताला डिझेलनं भेगा पडल्या होत्या. विलास ओट्यावर दात घासत उभा होता. म्हणाला, “वहिनी, बायामानसाचं काम नोय हे. सोडा आता.” तुम्ही वरही पाहिलं नाहीत.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पाण्याच्या बाटलीत डिझेल भरलंत, ती बॉनेटला टांगलीत आणि टाकीकडची नळी काढून बाटलीची नळी सरळ पंपाला जोडली. सेल्फ मारला. गाडी सुरू झाली आणि चालतच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तुमच्या तोंडावर काय हसू आलं होतं ताई! “पंप चांगला हाये, नोझल चांगले हाये. खोट टाकी आन् फिल्टरच्या मंधात हाये.” आणि गोणपाट टाकून तुम्ही गाडीखाली शिरलात.

बाहेर आलात तेव्हा हातात रबरी पाईपाचा तुकडा होता. हसू गेलं होतं.

“हे पाह्य सुनंदा. उंदरानं कुरतडलं असतं तं दातं दिसले असते. रबर सडलं असतं तं बारीक बारीक चिरा पडल्या असत्या. हे एकच हाये, सरळ. वरच्या अंगानं कापलं, म्हणजे डिझेल गळू नाई आन् हवा तं शिरली पाह्यजे.” त्या कापावरून बोट फिरवून तुम्ही म्हणालात, “ब्लेडचं काम हाये.”

मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमच्या गालावर काळा डाग होता.

“तुह्या घरातून कोनी गाडीखाली गेल्तं काय वो?”

मी म्हटलं, “नाई.”

ताई, त्या पहिल्या सकाळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, विलासनं मला ब्लेड मागितलं होतं. “फवारनीच्या डब्याचं झाकन कापाचं हाये,” म्हणाला. अंगणवाडीत कागद कापायला ठेवलेल्या पुडीतलं एक नवं ब्लेड मी माझ्या हातानं त्याला दिलं. दुसऱ्या दिवशी त्याचा शर्ट धुताना कोपराला डिझेलचा वास आला. तेव्हा मी काही जोडलं नाही. तुम्ही तो पाईप माझ्यासमोर धरला तेव्हा मात्र सगळं एका क्षणात जोडलं गेलं, आणि मी नाही म्हटलं. विचार करून नाही म्हटलं. तुम्ही वेगळं घर होतात आणि मला त्या माणसाच्या ताटात जेवायचं होतं, एवढाच तो विचार होता.

पाईप सापडेपर्यंत तिसऱ्या दिवसाचंही दूध चुकलं होतं. चौथ्या दिवशी लाइन विलासला गेली. पाहून ठेवलेला पिकअप आला, मी त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तुम्हीही आलात. पेढा घेतलात. “चांगली हाये गाडी,” म्हणालात आणि टायर हातानं दाबून पाहिलंत.

त्यानंतर तुम्ही गावात विटा, सिमेंट, लग्नाच्या मंडपाचं सामान, मंगरूळच्या बाजारात संत्री, जे मिळेल ते वाहिलंत. त्यातच पल्लवीला नर्सिंगला घातलंत. विलासच्या गाडीला एकदा बॅटरी हवी होती, तुम्ही स्वतःच्या गाडीची काढून दिलीत. त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले, आठवतं? तुम्ही चुलीशी होतात.

“तुमी भांडत काहून नाई? लाइन गेली, आन् वरून बॅटरी देता?”

“कोनाशी भांडू?”

“ज्यानं केलं त्याच्याशी.”

“कोनं केलं?” तुम्ही भाकरी उलटली आणि माझ्याकडे वळून पाहिलंत. मी चुलीतलं लाकूड सारखं करायला लागले. तुम्ही म्हणालात, “कोनं कापला थे मालूम झालं असतं तरी पाईप तं नवाच टाका लागला असता.”

ते भांडण तिथंच राहिलं. मला अजूनही ते पटलेलं नाही. तुमच्या गप्प राहण्याला गाव मोठेपणा म्हणतं. मी तुमच्या इतक्या जवळ होते की मला ठाऊक आहे, त्या मोठेपणाचा सगळ्यात जास्त फायदा विलासला झाला आणि त्याच्या खालोखाल मला. तुम्ही एकदा अंगणात उभं राहून शिवी दिली असती, तर कदाचित माझंही तोंड उघडलं असतं. हा राग तुमच्यावरही आहे, ताई. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावते.

आणि तुम्ही मला काय दिलंत? गाडी शिकवलीत. दुपारी अंगणवाडी सुटली की मला शेजारी बसवून धनजच्या रस्त्यावर नेलंत. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि तुम्ही खिडकीबाहेर तोंड करून हसायच्या. डोळे बांधून मला नट-बोल्टचे पाने हातानं चाचपून ओळखायला लावलंत. “मी नसली तं गाडी कोन पाहीन?” म्हणायच्या. तेव्हा तुम्हाला काही झालेलं नव्हतं. की झालेलं होतं आणि तुम्ही तेही बोलला नव्हतात?

पोटातली गाठ कळली तेव्हा उशीर झाला होता. अकोल्याच्या दवाखान्यात मी शेवटची आले ते सांगायचं ठरवूनच आले. बसमध्ये वाक्य पाठ करत होते: ताई, ब्लेड मी दिलं होतं. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, केसांचा गुंता झालेला. म्हणालात, “तेल लावून देतं काय वो? हे नर्सा लय जोरानं वढते.” मी तेल लावलं. विंचरताना हातात केस येत होते, ते मी तुम्हाला दिसू नयेत म्हणून पदरात बांधत होते. तुम्ही डोळे मिटून बोलत होतात, “गाडी चालू करत जाय मधामधात. उभी राह्यली का बॅटरी बसते. फिल्टरात पानी जमते.” मी हो म्हटलं आणि चालूही केली नाही, कारण किल्ली विलासनं ‘सांभाळायला’ घेतली होती. पाठ केलेलं वाक्य मी तसंच परत आणलं. तीन दिवसांनी पल्लवीचा फोन आला.

आता तेरवीचं ऐका.

जेवणं झाली. भावकी अंगणात बसली होती. विलास उठला, खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “पल्लवी नागपुरात राहीन, तिले गाडीचं काय काम? तशी बी भंगार झाली. तरी घरची वस्तू घरात राहावं म्हून मी ठेवून घेतो.” आणि दाखवायला गाडीत जाऊन बसला. सेल्फ मारला. तीन महिने उभी गाडी. इंजिन घरघरलं, मंद झालं, मग नुसतं टकटक. तो मारतच राहिला. शेवटी टकटकही थांबली.

“सांगतलं नाई? भंगार हाये.” तो उतरून हात झटकत म्हणाला.

मी पल्लवीजवळ बसले होते. काय झालं कोण जाणे, मी उठले. पदर खोचला. म्हटलं, “भंगार नोय थे. बाजूला व्हा.”

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर बसला होता. मी चुलीवरचं गरम पाणी ओतलं, पॉलिश पेपरनं टोकं घासली. भावकीतल्या बाळूकाकांचा ट्रॅक्टर दारात होता, त्याच्या बॅटरीला केबल जोडली. सेल्फ मारला, इंजिन जोरात फिरलं. पल्लवीला विचारलं, “धूर?”

“नाही काकू.”

धूर नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सोडला, आधी पाणी आलं, मग डिझेल. वरचा स्क्रू सैल करून हँडपंप मारला. बुडबुडे, बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळला. नोझलचे नट सैल केले, पल्लवीला गाडीत बसवलं, “दहाच सेकंद मार, मंग थांब.” चारही नळ्यांच्या तोंडाशी डिझेल उसळलं. नट आवळले, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले. अंगणातली चाळीसेक माणसं माना उंचावून बघत होती. पल्लवीनं किल्ली फिरवली. पांढरा धूर, एक आचका, दुसरा, आणि ती पेटली. ताई, तो आवाज ऐकून मला तुमच्या जाण्याचं पहिल्यांदा रडू आलं. तोवर आलं नव्हतं.

बाळूकाका म्हणाले, “वा वो सूनबाई!”

मी म्हटलं, “काका, आज ही बंद होती थे उभी राहून राहून. चार वर्सांआंधी बंद पडली थे काहून, ठावूक हाये?” आणि वळून मी नवऱ्याकडे पाहिलं. “विलास, सांग. पाईप तू कापला का नाई?”

बायकांतून कोणीतरी “अवं माय!” म्हटलं. पाईपापेक्षा मी नाव घेतलं, तू म्हटलं, याचाच धक्का जास्त बसला होता.

“येडी झाली काय वं?” तो ओरडला. “दुःखात डोकं फिरलं तिचं.”

बाळूकाका म्हणाले, “बाई, असं भलतं बोलू नोको. पुरावा काय हाये?”

“पुरावा मी हाये. ब्लेड म्या देल्लं त्याले. दुसऱ्या दिवशी शर्टाले डिझेलचा वास म्या धुतला. अन् ताईनं मले इचारलं तवा नाई म्हनलं, थे बी म्याच.”

त्याचं तोंड बघायला तुम्ही हव्या होतात. तो हो म्हणाला नाही, पण नाही म्हणायलाही त्याला फार वेळ लागला, आणि तो वेळ सगळ्यांनी मोजला. काकांनी मान खाली घातली. मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. चार वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

मग पल्लवीनं गाडी बंद केली. खाली उतरली. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल. ती म्हणाली, “काकू, हे आईला सांगायला पाहिजे होतं. मला नाही.” आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नागपूरला जाताना तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. “गाडी तुम्ही चालवा. माफ केलं म्हणून नाही. आईची गाडी उभी राहून सडायला नको म्हणून.” मी मान हलवली. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तुमच्या घराची चावीही तिनं दिली. आता मी तुमच्याकडेच राहते. अंगण ओलांडायला वीस पावलं लागतात, विलासनं ती एकदाही ओलांडली नाहीत.

काल सकाळची गोष्ट. मी संत्र्यांच्या रिकाम्या क्रेट घेऊन निघाले होते. फाट्याच्या पुढं विलासची गाडी बंद पडलेली, दुधाचे कॅन भरलेले, ऊन चढायला लागलेलं. त्यानं हात केला. मी गाडी थांबवली. त्याला वाटलं मी उतरून बॉनेट उघडेन. त्यानं घाईघाईनं सेल्फ मारून दाखवला. मी मागं सायलेन्सरकडे पाहिलं, इंजिन कानानं ऐकलं, आणि खोट कुठं आहे ते मला कळलं. दोन मिनिटांचं काम होतं, ताई. दोन मिनिटांचं. त्याच्याकडे पाना होता, माझ्याकडे ज्ञान होतं, आणि मी ते दिलं नाही.

पण दूध त्याचं नव्हतं. ते आपल्या बायांचं होतं, पहाटे उठून काढलेलं. मी क्रेट रस्त्याच्या कडेला उतरवल्या आणि त्याचा एकेक कॅन उचलून माझ्या गाडीत ठेवायला लागले. पहिले दोन कॅन तो बघत राहिला. तिसऱ्याला त्यानं हात लावला, मदत करायला. मी कॅन खाली ठेवला आणि तो हात काढेपर्यंत थांबले. त्यानं काढला. सगळे कॅन चढवून, दोर बांधून मी निघाले. आरशात तो क्रेटच्या ढिगाजवळ उभा दिसत होता.

डेअरीत सुपरवायझरनं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. तोच तो, चार वर्षांपूर्वीचा. म्हणाला, “ही तर शोभाबाईंची गाडी. उद्या कोण येणार मग?”

“मी,” म्हटलं. “परवा बी मीच.”

त्यानं वहीत लिहून घेतलं.

घरी येताना मला गाडी चालवत गाणं म्हणावंसं वाटत होतं, इतकी मी खूश होते. आज सकाळी बाळूकाका आले, म्हणाले, “सुनंदा, आता झालं ना? त्याची गाडी उभी राह्यली, लोकं त्याच्यासंग बोलत नाई. आता सोड.” मी त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करत होते की त्यांचं मी का ऐकत नाही. ते मोठे आहेत, बोलले तेही वाईट नव्हतं. मग लक्षात आलं, मला पुरे म्हणायचा हक्क फक्त तुमचा होता. तुम्ही एकदा म्हटलं असतं तर मी त्याच क्षणी पाना घेऊन गेले असते त्याच्या गाडीशी. तुम्ही नाहीत, ताई. आता मला थांबवणारं कोणीच उरलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.